आखूड मीटर

1788 साली फ्रान्समधल्या एका बाजारात तुम्ही गहू घ्यायला उभे आहात. माप आहे बोआसो, म्हणजे लाकडी डबा. डब्याकडे बघू नका, दाणेवाल्याच्या हाताकडे बघा. त्याने उंचावरून धार धरली तर दाणे दबून बसतात आणि मापात जास्त मावतात. काठाला लावून अलगद ओतले तर कमी. वर शीग लावायची की फळी फिरवून सपाट करायचं, हे भांडण वेगळंच. पुढच्या गावात मापाचं नाव तेच, पण डबा मोठा. जमीनदाराकडे खंड घालायला जाल तर त्याचं माप आणखी फुगलेलं. ते खरं की खोटं हे विचारणार कुणाला? माप ठेवायचा हक्कही त्याचाच.

लांबीचं म्हणाल तर पॅरिसच्या ग्रां शातलेमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीत लोखंडी माप बसवलंय. ते एक तुआज. तुआजचे सहा फूट, फुटाचे बारा इंच, इंचाच्या बारा लिन्य. ही लिन्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. फूट मात्र अधिकृतपणे राजाचा.

पुढच्या वर्षी राजा गावोगावची गाऱ्हाणी मागवतो. करांच्या तक्रारींबरोबर हीही मागणी येते की सगळीकडे माप एकच असू द्या. एवढंच. पॅरिसचा डबा देशभर लावला असता तरी शेतकऱ्याचं काम भागलं असतं. पण काम विद्वानांच्या हाती गेलं. त्यांचं म्हणणं पडलं की कुणा राजाचं नाही, कुणा देशाचंही नाही, असं माप हवं. ते पृथ्वीवरूनच काढू. 1791 मध्ये ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. ध्रुवावर जाणार कोण? म्हणून डंकर्क ते बार्सिलोना एवढाच पट्टा मोजायचा आणि उरलेलं गणितावर सोपवायचं. उत्तरेची बाजू दलांब्रकडे, दक्षिणेची मेशँकडे.

आता 6 सप्टेंबर 1792. पॅरिसला लागून असलेल्या सँ-दनीच्या चौकात या. गर्दीत जपून उभे राहा, आणि कुणी काही विचारलं तर ‘नागरिक’ म्हणून हाक मारा. ‘साहेब’ म्हणालात तर महागात पडेल. महिन्याभरापूर्वी राजाला गादीवरून बाजूला केलंय. पॅरिसच्या तुरुंगांत चार-पाच दिवस कत्तल चालली आहे. चौकात आघाडीवर निघालेले स्वयंसैनिक जमलेत आणि प्रत्येकाला फितुराचा वास येतोय. अशात एक घोडागाडी पकडून आणली आहे. आत दुर्बिणी, पितळेची चक्रं आणि पत्रांचा गठ्ठा. पत्रांवर राजाची मोहोर!

हा दलांब्र. वय चाळिशीच्या पुढे, गणिती, सरकारी कामावर. कागदपत्रं चोख, फक्त सही करणारं सरकार पडलेलं. गर्दी पत्रं फोडायला लावते. एक वाचलं, दुसरं वाचलं. सगळ्यांत मजकूर एकच: वाटेतल्या अधिकाऱ्यांनी या माणसाला मदत करावी. तरी संशय जात नाही. मग उपकरणं चौकात मांडली जातात आणि दलांब्रला फर्मान सुटतं, समजावून सांग.

थोडे पुढे सरका, कारण ते यंत्र बघण्यासारखं आहे. बोर्दाचं वर्तुळ म्हणतात त्याला. एक चक्र, त्यावर दोन दुर्बिणी. एक दुर्बीण एका मनोऱ्यावर रोखायची, दुसरी दुसऱ्या मनोऱ्यावर, की मधला कोन मिळाला. खुबी पुढेच आहे. तोच कोन पुन्हा घ्यायचा, पण शून्यावर परत न येता, आधीच्या मापाच्या शेवटापासून. असं दहा वेळा करून एकूण आकडा एकदाच वाचायचा आणि दहाने भागायचं. म्हणजे चक्रावर रेघा ओढणाऱ्या कारागिराची चूकही दहाने भागली जाते. राजाच्या काळातल्या बाजारात असं काही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिथे चूक लपवायची सोय होती, इथे ती झिजवायची सोय केली आहे.

पण दिवस मावळतोय आणि पोरांना त्रिकोणमितीत गोडी नाही. ‘हा मोजतोय म्हणे, पण कशासाठी? शत्रूला खुणा करायला नाही कशावरून?’ तुमच्या शेजारचा म्हणतो ते अगदीच खुळं नाही. उंच मनोऱ्यावर चढून दुर्बीण रोखणारा माणूस हेरासारखाच दिसतो. शेवटी पालिकेचे लोक सामान सीलबंद करतात, म्हणून दलांब्र जिवानिशी वाचतो. नव्या सरकारचे कागद आल्यावर तो पुन्हा कामाला लागतो.

मेशँचं दुखणं आतलं होतं. त्याने बार्सिलोनाजवळच्या मोंजुईकच्या किल्ल्यावरून अक्षांश काढला. पुढे स्पेनशी युद्ध जुंपलं, किल्ला बंद झाला, म्हणून शहरातल्या एका खाणावळीवरून पुन्हा काढला. दोन्हींचा मेळ बसेना. कोनाचे सुमारे तीन सेकंद, जमिनीवर शंभरेक मीटर. कोण कधी विचारणार होतं? तरी त्याने ती गोष्ट दडवली आणि मनाला लावून घेतली. पुन्हा मोजायला स्पेनला गेला आणि 1804 मध्ये तिथेच पीतज्वराने वारला. वह्या दलांब्रच्या हाती आल्या तेव्हा उलगडा झाला. मला विचाराल तर मेशँने स्वतःला नाहक छळलं. त्याचा हात चुकला नव्हता, पण एकच गोष्ट फार बारीक मोजली की ती बरोबरही असते, असं त्या काळच्या सगळ्यांनाच वाटायचं.

आणि खरी चूक तिथे नव्हतीच. 22 जून 1799 रोजी पॅरिसच्या अभिलेखागारात या. प्लॅटिनमची पट्टी सुपूर्द होते आहे, 25 मिलिमीटर रुंद, चार मिलिमीटर जाड. लांबी 443.296 लिन्य. नवं माप सांगायला जुनंच लागलं. पण उरलेला चाप गणिताने भरायचा तर पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे ते माहीत हवं. त्यांनी धरलं 334 मध्ये एक, प्रत्यक्षात आहे 298 मध्ये एकच्या आसपास. मीटर 0.2 मिलिमीटरने आखूड पडला. गंमत अशी की 1793 मध्ये घाईने, जुन्या मोजणीवरून ठरवलेला कामचलाऊ मीटर 443.44 लिन्यचा होता, आणि तो सत्याला जास्त जवळ होता. सात वर्षं, दोन माणसं, एक युद्ध आणि एक क्रांती यांतून मीटर बिघडून आला!

मग दुरुस्ती? कुणीच केली नाही, आणि शहाणपणाचं केलं. 1889 मध्ये पॅरिसजवळच्या सेव्रला प्लॅटिनम-इरिडियमचे नवे तीस मीटर देशोदेशी वाटायला काढले, ते त्या पट्टीच्या बरहुकूम, पृथ्वीला न विचारता. 1983 मध्ये मीटर प्रकाशाला बांधला: निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात कापतो तेवढं अंतर. सरळ तीस कोटी का घेतले नाहीत? घेतले असते तर जगातला प्रत्येक मीटर सुमारे 0.7 मिलिमीटरने आखूड झाला असता. आकडा असा आडवळणी निवडला तो पट्टीची लांबी हलू नये म्हणून. त्यामुळे पृथ्वीचा तो पाव परीघ आज भरतो 10,002 किलोमीटर.