दाराची फट आणि दारातलं टपाल



पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांच्या दारात मधोमध एक आडवी फट असते. तिच्यावर पितळी झडप असते आणि पोस्टमन त्यातून पत्र आत सरकवतो. आता बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या कॉलन्यांतही कुणी हौसेनं तशी फट ठेवतं. मग वर्षभरानं सुताराला बोलावून विचारतं, ही बुजवायची कशी? कारण तिच्यातून धूळ येते, पाल येते, पावसाळ्यात विंचूही येतो. बुजवायची रीत आपण शेवटी सांगणारच आहोत. त्याआधी ही फट आली कुठून, आपल्या वाडवडलांच्या दारांना ती का नव्हती, आणि त्यामुळे बायकांचं काय झालं, ते पाहू.

फटीचं मूळ इंग्लंडात आहे. तिथं १८४० सालापर्यंत पत्राचे पैसे बहुतेक वेळा ज्याला पत्र आलं तोच द्यायचा. म्हणजे टपालवाल्यानं दार वाजवायचं, माणूस बाहेर यायची वाट पाहायची, पैसे घ्यायचे आणि मग पत्र द्यायचं. १८४० साली रोलंड हिल यांच्या योजनेनं एका पेनीचं तिकीट निघालं आणि पैसे आधीच भरायची सोय झाली. आता दारात थांबायचं कारण उरलं नाही. मग टपालखातं लोकांना सांगू लागलं की दाराला फट पाडा, आमचा माणूस पत्र टाकून पुढं जाईल. अमेरिकेत तर १९२३ पासून घराला पेटी किंवा दाराला फट असलीच पाहिजे असा नियम झाला. दार वाजवून थांबण्यात एकेका पोस्टमनचा दिवसातला तासभर जातो, असा तिथल्या खात्याचा हिशेब होता. थोडक्यात, ती फट टपालवाल्याचा वेळ वाचवायला जन्मली.

आपल्या देशात १८५४ साली सगळीकडे चालणारी तिकिटं आली. अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र देशभर जाऊ लागलं. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड निघालं, पाव आण्याचं, म्हणजे त्या वेळच्या एका पैशाचं. १८८० पासून पोस्टातून मनीऑर्डर सुरू झाली. पण हे झालं इंग्रजी मुलखात. आपला बीड जिल्हा होता निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाचं टपालखातं वेगळं, आणि त्याची पहिली तिकिटं निघाली १८६९ साली. पुढच्या काळात त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठीत आणि तेलुगूतही किंमत छापलेली असे. एका तिकिटावर तर अजिंठ्याच्या लेण्यांचं चित्र होतं. मात्र ही तिकिटं संस्थानाच्या आतच चालत. आष्टीहून बीडला पत्र धाडायचं तर निजामाचं तिकीट चाले. त्याच आष्टीहून जवळच्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लिहायचं तर ते चालत नसे. लेक नगरकडे दिलेली असली की मायलेकींच्या मध्ये ही हद्द यायची. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं, आणि १ एप्रिल १९५० ला संस्थानांची टपालखाती भारताच्या टपालात मिसळली. मग आपल्या दारात आणि पुण्याच्या दारात एकच टपाल येऊ लागलं.

तरी आपल्या दारांना फट पडली नाही. त्याला आपल्या दारांची रीतच कारण आहे. वाड्याचं दार म्हणजे जाड सागवानी फळ्या, लोखंडी खिळे, आतून अडसर, आणि माणसाच्या ये-जा करण्यापुरती छोटी दिंडी. गरिबाच्या घराला दोन फळ्या आणि कडी-कोयंडा. पण वाडा असो की झोपडी, दिवसा दार उघडंच. पोस्टमन ओट्याशी यायचा, सायकलची घंटी वाजवायचा, नाव पुकारायचा. उघड्या दाराला फट कशाला हवी?

दुसरं कारण जास्त मोठं आहे. पत्र नुसतं टाकून भागत नव्हतं, ते वाचून द्यावं लागत होतं. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांपैकी नऊ जणींनासुद्धा लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून पोस्टमन किंवा शाळेतला पोरगा ओट्यावर बसून पत्र मोठ्यानं वाचायचा. शेजारणी जमायच्या. माहेरची खुशाली, कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, सगळं ओट्यावर कळायचं. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. ते उंबऱ्याच्या आत नेत नसत, बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही त्या फाटक्या कोपऱ्यावरून कळायचं की काहीतरी वाईट घडलंय.

या ओट्याची आठवण गोड वाटते, आणि ती गोड आहेही. पण त्यात बाईचं स्वतःचं असं काही राहत नव्हतं, हेही खरं. सासरी होणारा त्रास माहेरी कळवायचा तर लिहिणारा तिसरा, आणि माहेरचं उत्तर वाचणारा चौथा. चार माणसांत वाचलं जाईल असंच मग लिहिलं जायचं. ‘इकडे सर्व क्षेम आहे’ या चार शब्दांखाली आपल्या आज्यांनी काय काय झाकलं असेल, ते त्याच जाणोत. मनीऑर्डर आली तर अंगठा तिचा, पण पैसे बहुतेक वेळा जायचे घरातल्या पुरुषाच्या हाती.

आणि कायदा? त्यानं तर बाईला दारात उभी असलेली माणूस म्हणून धरलंच नव्हतं. १९०८ च्या दिवाणी कायद्यात लिहिलं होतं की कोर्टाचं समन्स घेऊन माणूस घरी आला आणि ज्याच्या नावाचं समन्स तो घरी नसला, तर ते घरातल्या ‘प्रौढ पुरुषा’कडे द्यावं. बाई घरात असली तरी घर रिकामंच! १९५१ साली तो कायदा आपल्याकडेही लागू झाला. १९७६ च्या दुरुस्तीनं त्यात ‘पुरुष असो वा स्त्री’ असे शब्द घातले गेले. फौजदारी कायद्याला मात्र त्याहून उशीर लागला. १९७३ च्या फौजदारी संहितेतही ‘प्रौढ पुरुष’च होता. तो शब्द गेला नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली. म्हणजे ग्रामपंचायतीत सरपंच बाई बसू लागली, बचत गटानं बँकेचं कर्ज उचललं आणि फेडलं, आणि तरी फौजदारी समन्स घ्यायला घरातली बाई चालत नव्हती. घ्यायला कुणी नसेल तर समन्स घराच्या दर्शनी भागावर चिकटवायची सोय दोन्ही कायद्यांत आहे. दारावरचा कागद म्हणून कधी नुसता फाडून टाकू नका. आधी वाचा, तारीख बघा. समन्स घेतल्याची सही म्हणजे कागद मिळाला एवढंच. त्यातलं म्हणणं कबूल केलं असा तिचा अर्थ होत नाही. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं चौकशी करा.

आता आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. दिवाळी झाली की कोयते निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. मागं गावात म्हातारी माणसं, नाहीतर दाराला कुलूप. याच पाच-सहा महिन्यांत बँकेचं कार्ड येतं, आधार येतं, कोर्टाची तारीख येते. सहीचं टपाल असेल तर पोस्टमन ‘दार बंद’ असा शेरा मारतो. ते साधारण सात दिवस पोस्टात थांबतं आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. दाराला फट असती तरी हे टपाल तिच्यातून टाकता आलं नसतं, कारण ते सही घेऊनच द्यायचं असतं. यावर उपाय आहे. गाव सोडण्याआधी पोस्टात लेखी अर्ज द्यायचा की आमचं टपाल अमुक पत्त्यावर वळवा, किंवा अमक्या माणसाला आमच्या वतीनं घेऊ द्या. गटातली जी बाई गावात राहणार आहे तिचं नाव त्यासाठी चांगलं. अर्जावर पिनकोड नीट घाला. हा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतचे मोठे पंडित. सारख्या नावाची गावं राज्यात किती! पिन चुकला की पत्र भलत्याच जिल्ह्यात जातं.

आता कबूल केल्याप्रमाणे फटीचं. घरात नवं दार बसवताना फट ठेवूच नका, विशेषतः कडीजवळ. तिच्यातून तार घालून आतली कडी काढता येते. आधीच असेल तर आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांचे स्क्रू काढा. दाराच्या जाडीचा लाकडी तुकडा फटीच्या मापानं कापून फेव्हिकॉल लावून घट्ट बसवा. कडेच्या भेगा लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉलच्या लगद्यानं भरा, वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासा आणि रंग द्या. पत्र्याचं दार असेल तर पत्र्याची पट्टी वेल्डिंग करून घ्या. फट ठेवायचीच असेल तर आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा फक्त वरच्या कडेला ठोका. पत्र आत येईल, धूळ आणि विंचू येणार नाही. फट बुजवली तर बाहेर भिंतीवर झाकणाची, कुलपाची पत्र्याची पेटी लावा. तिची एक किल्ली तुमच्याकडे हवी.

आणि पेटीवर रंगानं नाव लिहाल तेव्हा घरातल्या बाईचंही नाव लिहा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं. तिथं नाव आहे का तेही विचारून या. येत्या गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं स्वतःच्या नावाचा एक तरी कागद घेऊन यायचं. पत्ता बरोबर आहे का, पिन बरोबर आहे का, नाव बरोबर आहे का, हे एकमेकींना वाचून दाखवू. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण वाचून देऊ, पण हळू आवाजात, तिच्या एकटीच्या कानापुरतं.