लेफ्ट बिहाइंड : इटर्नल फोर्सेस

हिंसा आणि धार्मिक असहिष्णुतेच्या आरोपांमुळे वादग्रस्त ठरलेला अमेरिकन संगणकीय युद्धखेळ (२००६). टिम लाहे व जेरी जेन्किन्स यांच्या खपाऊ ख्रिस्ती कादंबरीमालेवर तो बेतलेला आहे. श्रद्धावंत अकस्मात स्वर्गात उचलले गेल्यानंतरच्या न्यूयॉर्कमध्ये नवख्रिस्ती दल आणि ख्रिस्तविरोधकाची फौज यांची झुंज चालते. रस्त्यावरच्या तटस्थ माणसांचे मतपरिवर्तन करून खेळाडू आपले बळ वाढवतो. शत्रूवर गोळ्याही झाडता येतात. मात्र माणूस मारला की आत्मिक गुण घटतात आणि प्रार्थनेने ते भरून निघतात. वादाचे मूळ नेमके या हिशेबात होते. निर्मात्यांच्या मते हा हिंसेला लावलेला दंड होता; टीकाकारांना त्यात पापक्षालनाची स्वस्त सोय आणि ‘धर्म बदला, नाहीतर मरा’ असा संदेश दिसला. विशेष म्हणजे, विरोधकांत उदारमतवादी ख्रिस्ती संघटनाही होत्या. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी वॉलमार्टकडे विक्री थांबवण्याची मागणी केली. वॉलमार्टने ती मानली नाही. पुढे २००७ मध्ये अमेरिकी सैनिकांना भेट म्हणून हा खेळ पाठवण्याचा बेतही टीकेनंतर बारगळला. समीक्षकांनी मात्र धर्माइतकाच त्याच्या सदोष रचनेवर ठपका ठेवला.