राजूरची बोली 'अशुद्ध' कोणी ठरवली?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले. फारसी घ्यावी लागली. भाषेवरची तीच मक्तेदारी आज 'शुद्ध-अशुद्ध' म्हणत अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरातील ठाकर, महादेव कोळी, बौद्ध मुलांना वर्गात गप्प करते. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने 1905 साली मराठीच्या खंडात ठाकरी बोली नोंदवली. पण बोलणारा फक्त नमुना राहिला. 1973 मध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. म्हणजे गावची बोली हा शास्त्राचा विषय आहे. मग आम्हीच मागे का? राजूरच्या मुलामुलींनो, एम.ए.ला भाषाविज्ञान घ्या. आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, त्यावर प्रबंध लिहा. मार्गदर्शक पद्धत शिकवतील. प्रश्न मात्र आपलाच असू द्या. आम्ही नमुने नाही, संशोधक आहोत. जय भीम!