दिमाखाची रोल्स की कामाची क्रॉस्ली?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मोटार घ्यायची ठरली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला जुनी, देखणी, जरा लहरी पण जिच्यावरून नजर हटत नाही अशी गाडी हवी असते. दुसरा म्हणतो, पळायला चांगली, खर्चाला बेताची आणि गल्लीतल्या मिस्त्रीला कळेल अशीच घ्या. हा वाद आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो चक्क हिंदुस्थान सरकारच्या लष्करी खात्यात झाला होता. त्यातला दिमाखाचा पक्ष कसा दिसत होता, हे पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

नगरच्या लष्करी हद्दीत रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी बोलताना आपल्या तोंडी अजून नगरच येतं. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रानं फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. इंग्रजी, जर्मन, जपानी, अमेरिकी असे नाना देशांचे जवळजवळ पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथं मांडल्या आहेत. पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आहे, आपला विजयंता आहे. शाळेच्या सहलीतली मुलं त्या अवाढव्य पॅटनकडे धावतात. मोटारींची जाण असलेला माणूस मात्र दुसऱ्याच एका वाहनापाशी थबकतो. ती आहे रोल्स-रॉईसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीची चिलखती मोटार. राजेमहाराजांच्या पागेत शोभणारी गाडी रणगाड्यांच्या पंगतीत कशी बसली, असा प्रश्न साहजिकच पडतो.

या गाडीचा जन्म १९०६ सालचा. कंपनीच्या लेखी ती नुसती ‘४०/५० अश्वशक्ती’ होती. पुढच्या वर्षी कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी एक गाडी रुपेरी रंगवून तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणजे ‘रुपेरी भूत’ असं नाव दिलं. भुतासारखीच ती आवाज न करता चालायची! त्याच वर्षी तिनं बिघाडापायी थांबावं न लागता १४,३७१ मैलांची मजल मारली. एरवी त्या काळात दहा-वीस मैलांवर गाडी बंद पडणं आणि चालकानं बाही सारून खाली उतरणं ही रोजची गोष्ट होती.

आपल्या मुलखानंही या गाडीची परीक्षा घेतली. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींच्या टिकाऊपणाची चाचणी झाली. अंतर सुमारे ६२० मैल आणि वाटेत सहा घाट. तेव्हाचे घाट म्हणजे खडी, धूळ आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या सिल्व्हर घोस्टनं ती चाचणी जिंकली आणि पुढं ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. सह्याद्रीनं पसंतीची पावती दिल्यावर संस्थानिकांच्या दारी रोल्स झुलू लागल्या, यात नवल नाही.

पण नुसता टिकाऊपणा म्हणजे शर्यतीची गाडी नव्हे. १९१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वताच्या स्पर्धेत जेम्स रॅडली यांची रोल्स काट्सबर्गच्या चढावर अडकली. तीन गिअरची गाडी त्या चढाला पुरी पडली नाही. कंपनीला हे फार लागलं. पुढच्या वर्षी चार गिअरच्या गाड्या तयार करून तिनं तीच स्पर्धा गाजवली. म्हणजे शर्यतीची रग आणि राजवाड्याची ऐट या दोन्ही गोष्टी एकाच चासीत आल्या. किंमतही तशीच होती. पहिल्या महायुद्धापूर्वी नुसत्या चासीला ९८५ पौंड पडत. वरची बॉडी गिऱ्हाईकानं आपल्या आवडीप्रमाणे वेगळी करून घ्यायची.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं. बेल्जियममध्ये गेलेल्या ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी आपल्या मोटारींवर पोलादी पत्रे ठोकून शत्रूवर धाडी घालायला सुरुवात केली. त्यातूनच त्याच वर्षीच्या डिसेंबरात फिरत्या बुरुजाची, मशीनगन बसवलेली रोल्स-रॉईस चिलखती मोटार आकाराला आली. गंमत अशी, की या चैनीच्या गाडीला सैनिक करताना मूळ यंत्रात फारसं काही बदलावंच लागलं नाही. पाटे मजबूत केले, मागं जोडचाकं लावली, की काम झालं. सात लिटरहून मोठं, सहा सिलिंडरचं इंजिन ते ओझं सहज ओढत असे.

वाळवंटात तर या गाडीनं कमालच केली. मार्च १९१६ मध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या चिलखती मोटारींनी लिबियाच्या वाळवंटात मुसंडी मारली आणि बुडालेल्या ‘तारा’ जहाजाच्या खलाशांना बीर हकीममधून सोडवून आणलं. अरबस्तानात लॉरेन्सनंही याच गाड्यांवर भिस्त ठेवली होती. युद्ध संपलं तेव्हा रोल्सची कीर्ती एखाद्या जातिवंत घोड्यासारखी झाली होती.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहू. १९१९ मध्ये तिसरं अफगाण युद्ध झालं. वायव्य सरहद्दीवर, विशेषतः वझिरीस्तानात, ब्रिटिशांना सतत फौज ठेवावी लागे. डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यांवर गस्त घालायला चिलखती मोटारी हव्या होत्या. १९२१ च्या सुमारास विकर्स कंपनीनं खास हिंदुस्थानासाठी रोल्सच्या चासीवर नव्या धर्तीची मोटार बांधली. तिचा बुरूज घुमटाकार, बघणाऱ्याला साहेबाच्या सोला टोपीची आठवण व्हावी असा होता. त्याचा आकार गमतीसाठी नव्हता. डोंगरमाथ्यावरून आलेली गोळी त्या गोलाईवरून निसटून जावी, हा हेतू होता. बुरुजाला मशीनगनसाठी चार बाजूंना खोबणी होत्या, म्हणजे वेळ येईल त्या दिशेला बंदूक वळवता येई.

गाडी उत्तमच होती. अडचण होती ती पैशाची. सरकारला अशा पाच-दहा गाड्या घेऊन भागणार नव्हतं, कंपन्याच्या कंपन्या सजवायच्या होत्या. युद्धानंतर खजिना आटला होता आणि रोल्सची चासी तर खिशाला चटका लावणारी. एक सुरेख गाडी घ्यायची, की तेवढ्याच पैशात अधिक बेताच्या गाड्या? हिशेबनिसांनी दुसरा पर्याय उचलला. १९२३ पासून मँचेस्टरच्या क्रॉस्ली कंपनीच्या चासीवर तशाच घुमटाच्या मोटारी येऊ लागल्या.

क्रॉस्ली हे काही टाकाऊ नाव नव्हतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाचं सामान आणि माणसं याच कंपनीच्या गाड्यांनी वाहिली होती, त्यामुळे लष्करी मिस्त्र्यांना ती ओळखीची होती. चार सिलिंडरचं, पन्नास अश्वशक्तीचं साधं इंजिन. चिलखत धरून वजन पाच टनांच्या घरात. टायर भरीव रबराचे, म्हणजे गोळी लागली तरी हवा जाण्याची भीती नाही. अर्थात हवेच्या टायरचं सुख नसल्यानं आतल्या माणसांची हाडं खिळखिळी होत असणार! उन्हाळ्यात पोलादाची भट्टी होऊ नये म्हणून आतून ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं होतं. कागदावर मांडलं तर ही निवड अगदी शहाणपणाची दिसते.

आणि इथंच नगरचा संबंध येतो. या मोटारी चालवणारं रॉयल टँक कोअरचं दल सरहद्दीपासून देशभर विखुरलेलं होतं. त्याच्या शिक्षणाचं केंद्र १९२० च्या दशकात नगरला आलं. मोकळी माळरानं, कोरडी हवा आणि जुनी छावणी, शिकाऊ चालकांना आणखी काय हवं? पुढं १९३८ मध्ये सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या हिंदी घोडदळाच्या पलटणींनी पहिल्यांदा घोडे सोडून मोटारी हाती घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या खोगिरावर बसलेल्या स्वारांना स्टिअरिंग धरायला शिकवणं सोपं नव्हतं. या सगळ्या स्थित्यंतराची शाळा आपलं नगर झालं. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचं केंद्र इथंच स्थिरावलं. लष्करी वाहनं तपासणारी संस्थाही फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आली. वाहननगरची आजची संशोधन संस्था ही तिचीच वारसदार.

आता मूळ वादाकडे येऊ. शहाणपणाची निवड खरोखर शहाणपणाची ठरली का?

एक हिशेब काळाचा आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तोवर क्रॉस्लीच्या चासी झिजून गेल्या होत्या. १९३९ च्या सुमारास त्यांचे चिलखती सांगाडे उचलून शेव्हर्लेच्या ट्रकच्या चासीवर बसवले गेले, तेही हवेच्या टायरसह. जुन्या अंगरख्यात नवा माणूस! दुसरीकडे १९२० च्या आसपासच्या रोल्स-रॉईस चिलखती मोटारी १९४० मध्ये इजिप्तच्या सरहद्दीवर अकराव्या हुसार्स पलटणीकडे आणि १९४१ मध्ये इराकमधल्या हब्बानियाला विमानदलाकडे लढत होत्या. वरचे बुरूज काही ठिकाणी बदलले होते, पण खालची गाडी तीच. महाग म्हणून नाकारलेलं वाण वीस वर्षं टिकलं. खरेदीची पावती पाहणाऱ्याला स्वस्त दिसलेली वस्तू वर्षांनी भागून पाहिली की वेगळी दिसते, हे आपल्या आयाबायांना तांब्या-पितळेची भांडी घेताना पक्कं ठाऊक असतं.

पण क्रॉस्लीवर अन्याय नको. जड चिलखत, भरीव टायर आणि सरहद्दीचे खडकाळ रस्ते सोसून जवळजवळ पंधरा वर्षं काढणं ही थोडी गोष्ट नव्हे. शिवाय रोल्सच घ्यायच्या ठरवल्या असत्या तर तितक्या संख्येनं त्या मिळाल्याच नसत्या. दहा ठाण्यांना गस्त हवी असताना चार ठाण्यांना उत्तम गाडी देऊन काय साधलं असतं? ज्याला संख्या हवी त्यानं संख्या घेतली. माझ्या मते तेवढ्यापुरता हिशेबनीस बरोबर होता.

दुसरा हिशेब मात्र जास्त बोचणारा आहे. ही गाडी शहाणपणाची होती, पण कोणासाठी? क्रॉस्लीच्या बाहेरच्या पोलादात वीज सोडण्याची सोय होती. जमाव अंगावर चढून येऊ नये म्हणून! सरहद्दीवरच्या बंदूकधाऱ्यासाठी ही सोय नव्हे, तो तर दूर डोंगरावर असायचा. ती होती बाजारात, चौकात गाडीभोवती गोळा होणाऱ्या निःशस्त्र माणसांसाठी. आणि या गाड्यांचे पैसे भरत होता हिंदुस्थानातला करदाता, म्हणजे तोच जमाव.

चिलखती मोटार आणि जमाव यांची गाठ आपल्या इतिहासात दोनदा ठळकपणे पडलेली दिसते. १३ एप्रिल १९१९ ला जनरल डायर जालियनवाला बागेकडे दोन चिलखती मोटारी घेऊन गेला होता. बागेची बोळ अरुंद म्हणून त्या आत शिरू शकल्या नाहीत. शिरल्या असत्या तर बहुधा त्यांच्या मशीनगनही वापरल्या असत्या, असं त्यानं पुढं हंटर समितीपुढं कबूल केलं. दुसरी गाठ २३ एप्रिल १९३० ची, पेशावरच्या किस्साखानी बाजारातली. चिलखती मोटारी गर्दीत घुसल्या, माणसं चाकाखाली आली, एक मोटार पेटवली गेली आणि मग गोळीबार झाला. त्याच दिवसांत चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र देशबांधवांवर गोळी चालवायला नकार दिला. मोटारीला नकार देता येत नाही, माणसाला देता येतो, हा फरक त्या दिवशी दिसला.

नगरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद ही मंडळी आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होती. १९४४ मध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं. एकाच गावात तटाच्या आत स्वतंत्र देशाचा विचार आकार घेत होता आणि बाहेर छावणीत हिंदी जवान चिलखती वाहनं चालवत होते. पाच वर्षांत तोच देश स्वतंत्र झाला आणि तीच शाळा त्याच्या फौजेची झाली. त्याच शाळेतून शिकलेल्या दलानं पुढं १९६५ आणि १९७१ ची युद्धं लढली.

तेव्हा देखणी की कामाची, या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. जाहिरात कोणती वाचली यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. रस्ता कोणता आहे? दुरुस्ती कोण करणार? वस्तू किती वर्षं चालवायची आहे? आणि पैसे कोणाचे, उपयोग कोणाचा? घरच्या गाडीला पहिले तीन प्रश्न पुरतात. सरकारच्या खरेदीला चौथा विचारल्याशिवाय सोडू नये. तो गाडीला लागू आहे, रस्त्याला आहे, पुलालाही आहे.

संग्रहालयातली रोल्स पाहायला जाल तेव्हा तिच्या बॉनेटच्या डौलाला दाद जरूर द्या, ती त्या लायकीची आहे. सोबत मुलं असतील तर पॅटनकडून त्यांना जरा इकडं वळवा आणि मुंबई-कोल्हापूरच्या घाटांची गोष्ट सांगा. बुरुजातून मशीनगनची नळी कोणावर रोखली जात होती, तेही सांगा.