जॅरो गाव आणि सरकारी पैसा

इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या काठी जॅरो नावाचे गाव आहे. १८५२ साली चार्ल्स पामर याने तेथे जहाजे बांधण्याचा कारखाना काढला आणि पुढे ऐंशी वर्षे गावची चूल त्याच्याच जिवावर पेटली. मंदीत मोठ्या कारखानदारांनी एक कंपनी काढून जास्तीचे कारखाने विकत घेऊन मोडण्याचा सपाटा लावला. १९३३ साली पामरचा कारखाना बंद पडला. तो या कंपनीने घेतला आणि त्या जागी चाळीस वर्षे जहाज बांधू नये अशी अट घातली. कारखाना गेला म्हणजे वाणी, न्हावी, शिंपी सारेच बसतात, हे आम्हां युनियनवाल्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

सरकारचे धोरण तोवर माणसे हलवण्याचे होते: काम दक्षिणेत आहे, तिकडे जा! डिसेंबर १९३४ मध्ये मात्र ‘विशेष क्षेत्र कायदा’ झाला. दक्षिण वेल्स, टाइनसाइड, वेस्ट कंबरलंड आणि स्कॉटलंडचा काही भाग यांसाठी वीस लाख पौंड मंजूर झाले. अमुक प्रदेश मागे पडला म्हणून त्या प्रदेशालाच पैसा द्यायचा, ही गोष्ट नवी होती. पण मेख अशी की, नफ्याच्या धंद्याला त्यातला छदामही द्यायचा नाही. गटारे झाली, दवाखाने झाले, भाजीचे वाफे झाले. रोजगार तेवढा झाला नाही.

५ ऑक्टोबर १९३६ रोजी जॅरोचे सुमारे दोनशे बेकार लंडनकडे पायी निघाले. अंतर जवळजवळ तीनशे मैल. बरोबर ओकच्या पेटीत अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज होता. गावच्या खासदार एलन विल्किन्सन वाटेत बराच वेळ त्यांच्यासह चालल्या. (याच बाई १९३२ साली इंडिया लीगच्या शिष्टमंडळाबरोबर आपल्या देशात येऊन गेल्या होत्या.) पंतप्रधान बाल्डविन भेटले नाहीत. मंडळी आगगाडीने घरी परतली, तो कळले की बेकारभत्ता कापला आहे. चालत होते त्या दिवसांत ते कामाला हजर नव्हते ना!

त्याच वर्षी गेट्सहेडजवळ टीम व्हॅलीत सरकारी पैशाने कारखान्यांची वसाहत सुरू झाली. बांधलेले गाळे भाड्याने मिळत. हलके धंदे आले, मुलींना काम मिळाले. जहाजाला रिव्हेट मारणारा बाप मात्र शस्त्रास्त्रांची मागणी वाढेपर्यंत घरीच होता.

पुढे १९७५ साली युरोपीय समुदायाने स्वतःचा प्रादेशिक विकास निधी काढला. ब्रिटनच्या खजिन्याने तो पैसा घेतला खरा, पण बहुतेक वेळा आपल्या खर्चाच्या जागी वापरला. गावाच्या पदरात जास्तीचे काय पडले, हे कोणालाच दाखवता येईना. १९८८ च्या सुधारणेने हा पैसा सरकारी खर्चावर जादा असलाच पाहिजे असा नियम घट्ट केला. तरी खाणभागांसाठीच्या मदतीवरून तंटा पेटलाच. ब्रुसेल्सचे आयुक्त ब्रूस मिलन हे स्वतः स्कॉटलंडचे मजूर पक्षीय. त्यांनी ब्रिटनचा हप्ता अडवून धरला. अखेर १९९२ साली लंडनने हिशेबाची रीत बदलली, तेव्हा कुठे तो पैसा सुटला.