रुळावरची भेग

इंदुरास आगगाडी आली ती होळकरांच्या पैशाने. खंडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेकडा साडेचार, मुदत एकशे एक वर्षांची. १८७६ मध्ये नर्मदेवरील पूल खुला झाला आणि पुढे दोनएक वर्षांत मार्ग इंदुरापर्यंत पुरा झाला. त्यातील कालाकुंड ते पातालपाणी हा घाट सर्वांत बिकट. चाळीस फूट पुढे जावे तो एक फूट वर चढावे, असा तेथील चढ आहे. घाटातील बोगदे आणि पूल पाहणाऱ्याच्या नजरेत भरतात. मात्र ज्या रुळावर सारा भार पडतो, त्याच्या माथ्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

त्या माथ्यावर काय घडते, याचे गणित थोड्याच वर्षांत मांडले गेले. हाइनरिख हर्ट्‌झ या तेवीस वर्षांच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या नाताळच्या सुटीत, दोन वक्र पृष्ठे परस्परांवर दाबली असता दाब कसा पसरतो, हे शोधून काढले. त्याच्यासमोर प्रश्न काचेच्या भिंगांचा होता, पण उत्तर आगगाडीच्या चाकालाही लागू पडले. चाक रुळाला टेकते ती जागा अवघी एका चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे लहानशा नाण्याएवढी. चाकावर दहा टनांचा भार असेल, तर तो सगळा एवढ्याशा जागेने सोसावयाचा!

हर्ट्‌झने पृष्ठे गुळगुळीत, अखंड आणि घर्षणरहित मानली होती. प्रत्यक्ष रूळ तसा नसतो. चाक नुसते लोळत गेले, तर सर्वाधिक कातरताण पृष्ठाखाली काही मिलिमीटरवर असतो. चढावर इंजिन जोर करू लागले किंवा उतारावर ब्रेक लागले, की घर्षण वाढते आणि तो ताण वर, पृष्ठाकडे सरकतो. असंख्य चाकांच्या रगडण्याने पोलाद थकते आणि केसासारखी भेग पडते. मग दाबाची वाटणीच बिघडते. भेगेच्या पोकळीला भार पेलता येत नाही. तो तिच्या दोन्ही कडांवर एकवटतो आणि खाली भेगेच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. पावसाचे पाणी आत शिरले, तर चाक भेगेचे तोंड मिटते. कोंडलेले पाणी पाचरीसारखे टोकाकडे रेटले जाते आणि भेग आणखी खोल जाते.

झिजणारा रूळ आपल्या भेगाही झिजवून टाकतो, ही यातील विलक्षण गोष्ट होय. रूळ कठीण झाला की झीज कमी होते आणि भेगेला वाढावयास अवधी मिळतो. म्हणूनच रुळाचा माथा वेळोवेळी यंत्राने घासून पातळ थर काढून टाकावा लागतो.

याकडे दुर्लक्ष झाले, तर काय होते, हे १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील हॅटफिल्ड येथे दिसले. वळणावरील भेगाळलेल्या रुळाचे भरधाव गाडीखाली तीनशेहून अधिक तुकडे झाले आणि चार माणसे दगावली. स्वनातीत लहरींनी रूळ तपासण्याची सोय तेव्हाही होती. परंतु वरच्या बारीक भेगांच्या जाळ्याआड खालची खोल भेग दडून राहू शकते.

इंदुरालाही ही धास्ती परकी नाही. २० नोव्हेंबर २०१६ रोजी इंदुराहून पाटण्यास निघालेली गाडी कानपूरनजीक पुखरायाँ येथे घसरली आणि सुमारे दीडशे प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे चौकशी अन्य कारणांकडे वळली; तरी पहिल्याच दिवशी रूळ तुटल्याची शंका घेतली गेली, यावरूनच भेगेचे भय किती खोल रुजले आहे, हे कळते.

होळकरांच्या कर्जातून झालेल्या मार्गावरील महूपासून नर्मदेकडे जाणारी मीटर गेज गाडी २०२३ मध्ये थांबली आणि रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. नव्या मार्गावर गाड्या अधिक जड आणि अधिक वेगवान असतात. चाक टेकण्याची जागा मात्र जवळजवळ तेवढीच राहते. यंत्रे कितीही सुधारली, तरी थंडीत आकसून रूळ तडकतात अशा पहाटे हातोडी घेऊन मार्ग पायी तपासणाऱ्या गँगमनची गरज संपलेली नाही. गाडीत निश्चिंत निजलेल्या प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते.