लँबेथची नोंदवही व अँग्लिकन धर्मदीक्षेचा वाद

इ. स. १५५९ च्या डिसेंबरच्या १७ व्या तारखेस लँबेथ येथील वाड्याच्या प्रार्थनामंदिरांत मॅथ्यू पार्कर ह्यास कँटरबरीच्या आर्चबिशपपदाची दीक्षा देण्यांत आली. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीपासूनची अँग्लिकन बिशपांची परंपरा मुख्यतः ह्या एका विधीवर अवलंबून आहे. तो विधि फोल ठरल्यास पुढील बिशप, त्यांनीं दीक्षा दिलेले पाद्री व त्या पाद्र्यांच्या हातचे प्रभुभोजनादि संस्कार हे सर्वच रोमन मतानें निराधार ठरतात. म्हणून ह्या एका दिवसाच्या नोंदीवर तीनशें वर्षांहून अधिक काळ खल झाला.

१६०४ सालीं हॉलीवुड नामक जेझुइटानें एक कथा छापली. तींत लंडनच्या चीपसाइड भागांतील ‘नॅग्ज हेड’ नांवाच्या खानावळींत स्कोरी ह्यानें पार्करप्रभृतींच्या मस्तकीं बायबल ठेवून त्यांस बिशप केल्याचें वर्णन आहे. प्रसंगानंतर ४५ वर्षांनीं अवतरलेली ही कथा आपल्याकडील उत्तरकालीन बखरींतील आख्यायिकांच्याच जातीची होय. मेसन ह्यानें १६१३ मध्यें लँबेथच्या नोंदवहीचा आधार प्रसिद्ध केला. पुढील सालीं आर्चबिशप ॲबट ह्यानें ती वही कांहीं रोमन पाद्र्यांस प्रत्यक्ष दाखविली. बनावट लेखांत सहसा न आढळणारे बारीक तपशील तींत आहेत. विधि पहांटे पांचच्या सुमारास सुरू झाला, पुढें चार मशाली होत्या, आणि कव्हरडेल ह्याच्या अंगांत केवळ लोकरीचा पायघोळ झगा होता. ह्या वृत्तांताची एक प्रत केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजांत आहे. पार्करनें आपला अमोल हस्तलिखितसंग्रह त्याच कॉलेजास दिला. (जुन्या पोथ्यांवर तांबड्या खडूनें खुणा करण्याची त्याची खोड मात्र कोणाहि संग्राहकास रुचणार नाहीं.) पुढें लिंगार्ड ह्या रोमन पंथाच्याच इतिहासकारानेंहि खानावळीची कथा त्याज्य ठरविली.

मुख्य दीक्षादाता बार्लो ह्याच्या स्वतःच्या दीक्षेची नोंद क्रॅनमरच्या वहींत नाहीं, हा दुसरा आक्षेप. परंतु त्या वहींत इतर कांहीं बिशपांच्याहि नोंदी गळल्या आहेत. नोंदीचा अभाव म्हणजे घटनेचा अभाव नव्हे. शिवाय विधिवाक्य चौघांनींहि उच्चारलें, व त्यांपैकीं हॉजकिन्स ह्यास १५३७ मध्यें जुन्या लॅटिन विधीनें दीक्षा मिळाली होती.

येथें नोंदवहीचें काम संपतें. विधि झाला हें ती सिद्ध करिते. पुरेसा होता कीं नाहीं, हें तिला सांगतां येत नाहीं. खरा वाद सहाव्या एडवर्डच्या दीक्षापद्धतीचा आहे. १५५० च्या ग्रंथांत पाद्र्याच्या हातीं बायबलासह चषक देण्याची चाल होती, ती १५५२ मध्यें काढण्यांत आली. हस्तारोपणाच्या वाक्यांत पदाचें नांवहि नव्हतें, तें १६६२ मध्यें घातलें गेलें. रोमन पक्षाचें म्हणणें असें कीं, तोंपर्यंत मूळ परंपराच तुटली होती.

१८९६ मध्यें तेराव्या लिओ पोपनें आठ पंडितांची समिति नेमली. गॅस्के ह्यानें व्हॅटिकनच्या दप्तरांतून चौथ्या पॉल पोपचे १५५५ चे लेख पुढें आणिले. दुशेन व गास्पारी ह्यांचा कल अँग्लिकन दीक्षा सर्वथा निरर्थक न मानण्याकडे होता, आणि समितींत मतैक्य झालें नाहीं. तरी त्याच सालच्या सप्टेंबरांतील ‘अपॉस्टॉलिके क्यूरे’ ह्या आज्ञापत्रानें विधिवाक्य व संकल्प ह्या दोहोंतील दोषांमुळें ती दीक्षा सर्वस्वी निरर्थक ठरविली. १७०४ च्या गॉर्डन प्रकरणाचा दाखला त्यांत आहे. गॉर्डनच्या अर्जांत खानावळीचीच कथा होती. पण निकाल तिच्यावर आधारलेला नाहीं, असें आज्ञापत्र स्पष्ट म्हणतें. प्रस्तुत लेखकास हा खुलासा मान्य आहे. मात्र दंतकथा खोटी ठरूनहि अर्जांत तग धरून राहते, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

१८९७ मध्यें कँटरबरी व यॉर्क येथील आर्चबिशपांनीं लॅटिनमध्यें उत्तर दिलें. ह्याच कसोटीनें प्राचीन रोमन विधीहि अपुरे ठरतील, हा त्यांतील युक्तिवाद सर्वांत सबळ वाटतो. १८९६ चा निर्णय रोमनें मागें घेतलेला नाहीं. परंतु लंडनचे माजी अँग्लिकन बिशप ग्रॅहम लेनर्ड ह्यांस १९९४ मध्यें रोमन पंथांत पाद्रीपदाची दीक्षा देतांना ती सशर्त दिली गेली. कारण त्यांच्या दीक्षापरंपरेंत ओल्ड कॅथॉलिक बिशपांचा हात लागलेला होता, आणि त्या बिशपांची परंपरा रोम मान्य करितें.